पूर्वसूचनेची मुदत कोणाची?

२९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा तालुक्यात, टेंभली गावी, पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या उपस्थितीत देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. त्या दिवशी आधारचा कायदा अस्तित्वात नव्हता आणि त्याचे विधेयकही संसदेत मांडलेले नव्हते. नियोजन आयोगाच्या २००९ सालच्या एका अधिसूचनेवर आधार क्रमांक देणारे सारे प्राधिकरण उभे होते. विधेयक राज्यसभेत आले ते टेंभलीनंतर दोन महिन्यांनी, ३ डिसेंबर २०१० ला. यशवंत सिन्हा यांच्या अध्यक्षतेखालच्या अर्थविषयक स्थायी समितीने ते वर्षभर तपासले आणि डिसेंबर २०११ मध्ये, आहे त्या स्वरूपात ते स्वीकारता येणार नाही, असा अहवाल दिला. क्रमांक देण्याचे काम मात्र चालूच राहिले. पुढे सरकार बदलले. ३ मार्च २०१६ ला नवे विधेयक लोकसभेत धनविधेयक म्हणून आले आणि ११ मार्चला मंजूर झाले. १६ मार्चला राज्यसभेने त्यात पाच दुरुस्त्या सुचवल्या. धनविधेयकावर तिला शिफारस करण्यापलीकडे अधिकार नसतो. लोकसभेने त्याच दिवशी त्या पाचही फेटाळल्या. खासगी कंपन्यांना आधार वापरण्याची वाट मोकळी करणारे कलम ५७ काढून टाका, ही त्यांतली एक दुरुस्ती होती. अडीच वर्षांनी, २६ सप्टेंबर २०१८ ला, सर्वोच्च न्यायालयाने त्या कलमातला खासगी कंपन्यांचा भाग घटनाबाह्य ठरवला. राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणावरून माहिती उघड करण्याच्या कलमातही राज्यसभेला बदल हवा होता. तेही कलम न्यायालयात मूळ रूपात टिकले नाही. एका दिवसात नाकारलेल्या गोष्टी पटायला अडीच वर्षे आणि पाच न्यायमूर्तींचे घटनापीठ लागले.

या हकिकतीत दोन आघाड्यांची सरकारे आहेत. पहिल्याने कायद्याआधी अंमल केला, दुसऱ्याने कायदा केला तो तेरा दिवसांत. त्यामुळे हा प्रश्न कुण्या एका पक्षाच्या माथी मारून सुटणार नाही. विधेयकाची किंवा प्रस्तावाची पूर्वसूचना ही आपण सभागृहाची अंतर्गत बाब समजतो. सचिवालयाने नोंद घ्यावी, सदस्यांना प्रती वाटाव्यात, कामकाजपत्रिका छापावी, एवढ्यापुरता तिचा विचार होतो. मला वाटते, मूळ चूक इथेच आहे. पूर्वसूचनेची मुदत मतदाराच्या मालकीची आहे. सदस्याला ती मिळते ती मतदाराचा प्रतिनिधी म्हणून, म्हणजे त्याने ती मतदारसंघापर्यंत न्यावी यासाठी. तिथे पोचून परत येण्याइतकी ती नसेल, तर नियम पाळूनही प्रतिनिधित्व घडत नाही. टेंभली आणि सातपुड्यातले धडगाव ज्या जिल्ह्यात आहेत, त्या जिल्ह्यातून पाहिले की ही गोष्ट दिल्लीतल्यापेक्षा अधिक स्वच्छ दिसते.

आधी नियम काय सांगतात ते पाहू. मंत्री नसलेल्या सदस्याला लोकसभेत स्वतःचे विधेयक मांडायचे असेल तर एक महिना आधी सूचना द्यावी लागते. मंत्र्याला सात दिवस पुरतात, आणि कारणे सांगून अध्यक्षांची परवानगी मिळवली तर तेवढेही लागत नाहीत. विधेयकाच्या प्रती मांडणीच्या किमान दोन दिवस आधी सदस्यांच्या हाती पडाव्यात असा अध्यक्षांचा निर्देश आहे. त्यालाही अपवादाची सोय आहे. मांडणीलाच विरोध करायचा असेल तर त्या दिवशी सकाळी दहापर्यंत लेखी कळवावे लागते, आणि कलमांवर दुरुस्ती द्यायची तर विचाराच्या आदल्या दिवशी. हे आकडे एकमेकांशेजारी ठेवले की त्यांतला उलटेपणा लपत नाही. ज्याच्याजवळ मसुदा लिहिणारे खाते नाही, विधी मंत्रालय नाही, अधिकाऱ्यांची फौज नाही, त्या एकट्या सदस्याने देशाला महिनाभर आधी सांगायचे. आणि ज्याच्याजवळ हे सगळे आहे, ज्याचे विधेयक जवळजवळ नक्की कायदा होणार आहे, त्याने आठवडाभर आधी. खासगी सदस्यांची आजवर फक्त चौदा विधेयके कायद्यात उतरली आणि त्यांतले शेवटचे १९७० सालचे. म्हणजे जे विधेयक शुक्रवारच्या अडीच तासांत बहुधा विरून जाणार, त्याला पूर्वसूचना सर्वांत लांब. जे विधेयक सातपुड्यातल्या माणसाच्या शेतावर, मजुरीवर, ओळखपत्रावर येऊन आदळणार, त्याला सर्वांत आखूड.

मुदतीने नेमके काय बदलते याचा सर्वांत भक्कम पुरावा वनहक्क कायद्याच्या जन्मकथेत आहे, आणि तो नंदुरबारच्या डोंगरांत जाऊन कुणालाही तपासता येतो. मे २००२ मध्ये केंद्राच्या पर्यावरण व वन मंत्रालयाने राज्यांना पत्र पाठवून जंगलातली अतिक्रमणे ठराविक मुदतीत हटवायला सांगितले. पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन सरकारी कागदावर अतिक्रमण म्हणून नोंदलेली असल्याने देशभरातल्या वनपट्ट्यांत हाहाकार उडाला. अक्राणी-अक्कलकुव्यातले भिल्ल आणि पावरा शेतकरी त्याला अपवाद नव्हते. त्यातून उभ्या राहिलेल्या दबावानंतर १३ डिसेंबर २००५ ला लोकसभेत विधेयक आले. मूळ विधेयकाप्रमाणे हक्क मिळणार होता तो २५ ऑक्टोबर १९८० पूर्वीपासून जमीन कसणाऱ्यांना, फक्त अनुसूचित जमातींना, आणि जास्तीत जास्त अडीच हेक्टरपर्यंत. ते त्याच आठवड्यात मंजूर झाले असते तर? १९८२ साली पहिला नांगर धरलेला माणूस कायमचा अतिक्रमणदार ठरला असता, आणि ज्याची जमीन खरोखर जुनी होती त्यालाही पाव शतकापूर्वीचा पुरावा शोधत तहसील कचेरीचे उंबरे झिजवावे लागले असते. तसे झाले नाही, कारण विधेयक किशोर चंद्र देव यांच्या अध्यक्षतेखालच्या संयुक्त समितीकडे पाठवण्याचा प्रस्ताव आला आणि समितीने संघटनांकडून निवेदने मागवली, साक्षी ऐकल्या. मे २००६ मध्ये तिचा अहवाल आला. डिसेंबर २००६ मध्ये मंजूर झालेल्या कायद्यात मुदतीची तारीख १३ डिसेंबर २००५ झाली होती, मर्यादा चार हेक्टर झाली होती, इतर पारंपरिक वननिवासी आत आले होते आणि दावा प्रथम ग्रामसभेपुढे ठेवण्याच्या तरतुदीला बळ आले होते. पंचवीस वर्षांचा हा फरक कुण्या मंत्र्याच्या कृपेने पडला नाही. विधेयक वर्षभर उघड्यावर राहिले, ज्यांच्यावर ते लागू होणार त्यांनी ते वाचले, वाचून घेतले आणि आपले म्हणणे दिल्लीपर्यंत नेले, म्हणून तो पडला. या कायद्याच्या अंमलबजावणीविषयी आजही तक्रारींचा डोंगर आहे, आणि त्या खऱ्या आहेत. पण दावा करण्यासाठी निदान कायदा तरी त्यांच्या बाजूचा आहे.

रोजगार हमीच्या बाबतीत तर आरंभ आणि शेवट दोन्ही समोर ठेवून तुलना करता येते. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून महाराष्ट्रात रुजलेल्या आणि १९७७ साली कायद्यात उतरलेल्या योजनेचा वारसा घेऊन केंद्राचे रोजगार हमी विधेयक २१ डिसेंबर २००४ ला लोकसभेत आले. पहिल्या मसुद्यात ते केवळ गरीब म्हणून नोंदलेल्या कुटुंबांसाठी होते. ग्रामविकासाच्या स्थायी समितीने ते तपासले, बाहेर त्यावर मोठी चर्चा झाली, आणि ऑगस्ट २००५ मध्ये मंजूर झालेला कायदा ग्रामीण भागातल्या प्रत्येक कुटुंबाला लागू झाला. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नाही म्हणून ज्याला काम नाकारले गेले असते, त्याचा हक्क त्या आठ महिन्यांत घडला. पहिल्या टप्प्यातल्या दोनशे जिल्ह्यांत नंदुरबार होता. आता डिसेंबर २०२५ पाहा. हाच कायदा रद्द करून त्या जागी नवी रचना आणणारे विकसित भारत रोजगार व आजीविका विधेयक १६ डिसेंबरला मांडले गेले, १८ तारखेला लोकसभेत आणि त्याच रात्री राज्यसभेत मंजूर झाले आणि २१ तारखेला राष्ट्रपतींची स्वाक्षरी झाली. विरोधकांची समितीकडे पाठवण्याची मागणी मान्य झाली नाही. नव्या कायद्यात शंभरऐवजी सव्वाशे दिवस आहेत, हे त्याच्या बाजूने प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण खर्चात राज्याचा वाटा साधारणतः चाळीस टक्के झाला आहे आणि शेतीच्या हंगामात वर्षातून साठ दिवसांपर्यंत कामे बंद ठेवण्याची तरतूद आली आहे. हे साठ दिवस कुठल्या हंगामाचे धरायचे? तापीकाठच्या बागायती शहाद्याचा हंगाम आणि पावसावर एकच पीक घेणाऱ्या धडगावच्या डोंगरउताराचा हंगाम एक नाही. शहाद्याला मजूर हवा असतो तेव्हा धडगावला काम हवे असते. मजुराला आणि बागायतदाराला दोघांनाही यावर काही सांगण्यासारखे होते. ते ऐकायला तीन दिवस होते, आणि त्या तीन दिवसांत जिल्ह्यातली कितीतरी मजूर कुटुंबे दक्षिण गुजरातेत उसाच्या फडात होती.

ही दोन उदाहरणे वेचून काढलेली आहेत, असा आक्षेप येईल. तर मग एकूण चित्र घ्या. पंधराव्या लोकसभेत मांडलेल्या विधेयकांपैकी सुमारे सत्तर टक्के समित्यांकडे गेली. सतराव्या लोकसभेत हे प्रमाण सोळा टक्क्यांच्या आसपास आले. विधी मंत्रालयाने फेब्रुवारी २०१४ मध्ये सर्व खात्यांना कळवले होते की कायद्याचा मसुदा सोप्या भाषेतल्या टिपणासह किमान तीस दिवस लोकांपुढे ठेवावा. ते धोरण आजही आहे. फक्त ते कुणावर बंधनकारक नाही आणि पाळले नाही तर विधेयक अडत नाही. जे पाळले नाही तरी काहीही होत नाही, ते घाईच्या वेळी पहिल्यांदा सोडले जाते, आणि घाई तर प्रत्येक अधिवेशनात असते.

घाईचे समर्थन करणाऱ्यांचा मुद्दा मात्र सगळाच पोकळ नाही. काही कायदे आधी सांगून करता येत नाहीत. कर वाढणार हे महिनाभर आधी कळले तर साठेबाज मधल्या काळात घर भरतील. दंगल, साथ, युद्ध वाट पाहत नाहीत. हे मान्यच आहे. त्यासाठी घटनेने अनुच्छेद १२३ मध्ये वटहुकुमाची सोय करून ठेवली आहे, आणि वित्त विधेयकांना नियमांत आधीच सूट आहे. पण वनजमिनीचे हक्क, रोजगाराची हमी, ओळख क्रमांक यांत कोणती साठेबाजी होणार होती? साडेपाच वर्षे अंमल झाल्यावर किंवा वीस वर्षे जुनी योजना बदलताना आणखी तीस दिवसांनी कोणते आकाश कोसळणार होते? तातडी असेल तर ती मंत्र्याने लिहून द्यावी आणि अध्यक्षांनी मुदत कमी करण्याची परवानगी ज्या कारणांवर दिली ती विधेयकाच्या पहिल्या पानावर छापावीत. आज ही कारणे बहुतेकांच्या दृष्टीस पडत नाहीत. ज्या दिवशी ती छापावी लागतील, त्या दिवशी खरी तातडी आणि सोयीची तातडी यांतला फरक वाचणाऱ्याला आपोआप कळेल.

दुसरा आक्षेप अधिक कडवट आहे. १९८५ च्या पक्षांतरबंदीनंतर सदस्याला पक्षादेश मोडून मत देता येत नाही, संख्याबळ आधीच ठरलेले असते, मग मुदत सात दिवसांची असो की सत्तर, निकाल तोच. नंदुरबारमधून माणिकराव गावित नऊ वेळा निवडून गेले, त्यांच्यानंतर डॉ. हीना गावित दोनदा, आता गोवाल पाडवी आहेत. यांच्यापैकी कुणाच्या हाती सरकारी विधेयक पाडणे होते? कुणाच्याच नव्हते. पण हा आक्षेप कायदा करणे म्हणजे मतदान एवढेच धरून चालतो. वनहक्क विधेयक आणि २००४ चे रोजगार हमी विधेयक ही सरकारी बहुमताचीच विधेयके होती. ती पडली नाहीत, ती सुधारली. पक्षादेश मतदानाला लागू असतो. समितीत प्रश्न विचारण्याला, दुरुस्ती लिहून देण्याला, मतदारसंघातून आलेला कागद पटलावर मांडायला तो लागू नसतो. बहुमताच्या सरकारलाही आपला कायदा अडीच वर्षांनी न्यायालयात पडावा असे वाटत नाही. कलमांतली चूक त्याला जो वेळेवर दाखवतो तो त्याचा शत्रू नव्हे. आणि हात वर करण्यापुरतेच काम सदस्याला उरले असेल, तर मुदत तेवढ्यापुरती आखूड करण्याऐवजी त्याला बाकीचे काम परत देणे हाच त्यावर उपाय आहे.

तिसरा आक्षेप सहसा उघड बोलला जात नाही, पण निर्णय घेणाऱ्यांच्या मनात तोच सर्वांत पक्का असतो. विधेयक महिनाभर आधी दिले तरी नंदुरबारमध्ये ते वाचणार कोण? २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची साक्षरता ६४ टक्क्यांच्या आसपास होती, राज्यात सर्वांत कमी. लोकसंख्येच्या ६९ टक्के अनुसूचित जमाती. विधेयके इंग्रजीत आणि हिंदीत. केंद्रीय कायद्याचा अधिकृत मराठी पाठ येतो तो कायदा झाल्यावर, कधी कधी बऱ्याच वर्षांनी. घरात बोलली जाते ती भिली, पावरी, मावची किंवा देहवाली, आणि भिली तर आठव्या अनुसूचीतही नाही. ही सगळी माहिती खरी आहे. तिच्यातून काढलेला निष्कर्ष तेवढा उलटा आहे. ज्याला वाचायला वेळ लागतो त्याला वेळ अधिक द्यायचा असतो. याच जिल्ह्यातल्या पाड्यांवर, अक्षरओळख नसलेल्या माणसांनी वनहक्काचे दावे दाखल केले, वडीलधाऱ्यांचे जबाब घेतले, हद्दी मोजल्या, फेटाळलेल्या दाव्यांवर अपिले केली. कायद्याची बारीक कलमे त्यांना कळतात, कारण त्यांची जमीन त्या कलमांत आहे. आणि भाषांतर अवघड म्हणावे, तर १९४४ साली बी. एन. राव समितीने हिंदू संहितेचा मसुदा अनेक प्रादेशिक भाषांत छापून वाटला होता आणि पुढच्या वर्षी पुणे, नागपूरसह ठिकठिकाणी जाऊन साक्षी घेतल्या होत्या. तेव्हा देश परतंत्र होता आणि छपाई खिळ्यांची होती. अलीकडचे पाहायचे तर जून २०२० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने पर्यावरणीय आघात मूल्यमापनाच्या नव्या मसुद्याचे आठव्या अनुसूचीतल्या सर्व भाषांत भाषांतर करण्याचा आदेश दिला होता.

त्याच मूल्यमापनाच्या २००६ च्या अधिसूचनेत एक तरतूद आहे, जी मला संसदेच्या नियमांपेक्षा अधिक लोकशाहीची वाटते. कुठल्याही मोठ्या खाणीसाठी किंवा कारखान्यासाठी जनसुनावणी घ्यायची तर किमान तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत उपलब्ध करावा लागतो. म्हणजे उद्या नवापूर तालुक्यात एक कारखाना यायचा असेल तर त्या परिसरातल्या लोकांना तीस दिवस आणि मराठी सारांश मिळतो. पण त्या तालुक्यातल्या प्रत्येक जंगलाचा, जमिनीचा, मजुरीचा कायदा बदलणार असेल तर त्यांना काहीच मिळत नाही. घटनाकारांनी हा धोका ओळखला होता. पाचव्या अनुसूचीप्रमाणे राज्यपाल संसदेचा एखादा कायदा अनुसूचित क्षेत्राला लागू करू नये किंवा बदल करून लागू करावा, असे ठरवू शकतात. अक्राणी, अक्कलकुवा, तळोदा, नवापूर हे तालुके आणि शहादा-नंदुरबारचे काही भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतात. दिल्लीत केलेला कायदा इथे जसाच्या तसा बसेल असे गृहीत धरू नका, हे घटनेनेच सांगितले आहे. पण राज्यपालांचा अधिकार कायदा झाल्यानंतरचा आहे आणि तो वापरायचा की नाही ही त्यांची मर्जी. पूर्वसूचनेची मुदत त्याआधीची आहे, आणि ती लोकांच्या हाती देता येते. १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला रूढी, साधनसंपत्ती आणि वादनिवारण सांभाळायला सक्षम मानले. आपल्यावर येणारा कायदा ऐकायला तिला असक्षम मानण्याचे कारण उरत नाही.

म्हणून मागणी मोजकी आहे. अनुसूचित क्षेत्रातल्या जमीन, जंगल, पाणी, मजुरी आणि ओळख यांना हात घालणाऱ्या प्रत्येक सरकारी विधेयकाला खासगी सदस्याच्या विधेयकाइतकी, म्हणजे एका महिन्याची, पूर्वसूचना असावी. त्या महिन्यात राज्यभाषेतला पाठ जिल्हाधिकाऱ्यांमार्फत ग्रामपंचायतीपर्यंत जावा. आणि विधेयक लोकमतासाठी फिरवण्याचा जो प्रस्ताव नियमपुस्तकात आजही आहे पण वापरात नाही, तो अशा विधेयकांना नित्याचा व्हावा. यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही. नियम समितीची शिफारस आणि अध्यक्षांचे निर्देश पुरेसे आहेत. गावांवरही नवा भार पडत नाही. महाराष्ट्रात २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा भरवण्याचा प्रघात आहे. संसदेची अधिवेशने त्यांच्याशी जवळजवळ जुळलेली आहेत. अर्थसंकल्पी अधिवेशनाचा दुसरा भाग मार्चमध्ये सुरू होतो, त्याची विधेयके जानेवारीच्या सभेत वाचता येतील; पावसाळी अधिवेशनाची मे महिन्यात; हिवाळी अधिवेशनाची २ ऑक्टोबरला. सरकार अधिवेशनाआधी विधेयकांची यादी जाहीर करतेच, ती तेवढी आधी करावी आणि यादीसोबत मजकूर द्यावा. ग्रामसभेने ठराव केला तर तो खासदाराकडे जाईल, आणि खासदाराने दुरुस्तीची सूचना देताना त्याचा उल्लेख करावा. या चार दिवसांत सर्वांत महत्त्वाची २ ऑक्टोबरची सभा आहे. दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबे गुजरातच्या वाटेला लागतात आणि उन्हाळ्यापर्यंत पाडे निम्मे रिकामे असतात. डिसेंबरात त्यांच्या नावाने जो कायदा होईल, तो ऐकायला ती गावात असतात ती ऑक्टोबरात.